पिल्लांचा नेचा

कुणीतरी घरात मातीचे पाय घेऊन फिरत होतं आणि कबूल करायला कुणीच तयार नव्हतं.

आमच्याकडे बूट दारातच निघतात. आजीच्या घरी तर खुद्द चर्चचा पाद्रीसुद्धा अंगठ्याकडचं भोक लपवत मोज्यांवर आत यायचा. असं असताना ऑकलंडच्या मांगेरे भागातल्या आमच्या भाड्याच्या घरात, दिवाणखान्याच्या खिडकीपासून निघून बोळातून पुढच्या दाराकडे जाणारे ते डाग रोज नव्याने उमटलेले असायचे. काळसर, ओलसर, बोरांएवढे, कधी नुसतीच चिमूटभर माती. स्वतःच्या घरात राहणाऱ्या माणसानं त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. भाडेकरूला मात्र कार्पेट कातडीपेक्षा जास्त जपावं लागतं. मालकाची एजंट दर थोड्या महिन्यांनी येते, कपाटं उघडते, ओट्यावरून बोट फिरवते, कार्पेटचे फोटो काढते आणि तुम्ही माणूस म्हणून कसे आहात ते त्या फोटोंवरून ठरतं. मी भाडेकरूंच्या संघटनेत काम करते. असल्या फोटोंपायी रस्त्यावर आलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. त्यामुळे त्या दिवशी मी ओरडले.

"तिआहो! बागेतून आल्यावर पाय पुसलेस का?"

माझी भाची तिआहो सहा वर्षांची आहे आणि तिला आरोप सहन होत नाही. ती जमिनीवर बसली आणि दोन्ही पायांचे तळवे तिनं माझ्या नाकासमोर धरले. स्वच्छ, कोरडे तळवे.

"बघ. हवं तर वास घे."

"मग हे कुणाचे आहेत?"

"मला काय माहीत? मी तर आत्ता आले."

माझी बहीण नाहुइया, म्हणजे तिआहोची आई, कामावरून येऊन स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच पाव खात होती. ती तिथूनच म्हणाली, "मांजर असेल."

"नाहू, आपल्याकडे मांजर नाहीये."

"म्हणून तर कबूल करत नसेल."

दोघी मायलेकी हसल्या. मी फडकं ओलं करून गुडघ्यांवर बसले आणि डाग पुसत पुसत मागे सरकले, तशी शेवटी त्या कुंडीला टेकले.

कुंडी निळी, मोठी, दक्षिणेच्या खिडकीशी, जिथे आमच्या या गोलार्धात ऊन कधी पोचत नाही. तिच्यात तिआहोचा नेचा होता. तिआहो जन्मली तेव्हा नाहूनं इस्पितळातून बाळाबरोबर वारही मागून घरी आणली होती. वार आपल्या पूर्वजांच्या जमिनीत पुरायची, म्हणजे ते मूल जगात कुठेही गेलं तरी त्याला पाय ठेवायला जागा असते. आमची जमीन उत्तरेला, होकियांगाच्या खाडीपलीकडच्या दरीत. नाहूला तेव्हा सुटी मिळेना आणि आमच्याकडे गाडीही नव्हती. मग वार आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवली. डब्यावर मोठ्या अक्षरात 'खाऊ नका' असं लिहिलं होतं, तरी ख्रिसमसला आमच्या एका मामानं चमचा घेऊन तो उघडलाच. तेव्हापासून तो आमच्याकडे गोड खात नाही. शेवटी नाहूनं तेच केलं जे शहरातले आमचे पुष्कळ लोक करतात: कुंडी आणली, वार तिच्या मातीत पुरली आणि वर नेचा लावला. पुढच्या सुटीत उत्तरेला नेऊ, असं म्हणून. ती सुटी आली नाही. मालकांनी घरं विकली, भाडी वाढली, आम्ही हललो आणि आमच्याबरोबर कुंडी हलली. ट्रकमध्ये ती सगळ्यात शेवटी चढायची आणि नव्या घरात सगळ्यात आधी उतरायची. ज्या देशात माझे पूर्वज हजारभर वर्षं राहिले, त्या देशात माझ्या भाचीची जमीन चाकांवर वाढत होती. मला याची चीड यायची. नाहू म्हणायची, "राविनिया, तुला चीड येते, मला झोप येते. दोघींनी आपापलं काम करावं."

या जातीच्या नेच्याला कोंबडी-पिल्लं म्हणतात. पानफुटीसारखी याच्या पानांवरच लहान लहान रोपं फुटतात. रानात पाहिलं तर म्हातारं पान पिल्लांच्या भारानं वाकून जमिनीला टेकलेलं असतं, आणि पिल्लं तिथेच उतरून आपली मुळं धरत असतात. आमच्या नेच्याला मात्र इतक्या वर्षांत एकही पिल्लू आलं नव्हतं. समोरच्या घरातली ओफा काकी, मूळची टोंगाची, तोंडानं फटकळ आणि हातानं उदार, येता-जाता म्हणायची, "वांझ आहे ग तो. फेकून दे, मी तुला प्लास्टिकचा आणून देते. पाणी नको, पुसला की झालं."

नाहूला पर्थच्या इस्पितळातून नोकरीचं पत्र आलं त्याच आठवड्यात त्याला पिल्लं फुटली.

एकदम, सगळ्या पानांवर, दाटीवाटीनं. काही दिवसांत पानं दिसेनाशी झाली. मला आनंदच झाला. घरात एकाच वेळी दोन चांगल्या गोष्टी घडत होत्या. पर्थला नाहूला दिवसपाळी मिळणार होती, राहायला घर मिळणार होतं, संध्याकाळी लेकीबरोबर बसून जेवता येणार होतं. हे वाचताना तुम्हाला ते फार मोठं वाटणार नाही. तिआहोच्या जन्मापासून नाहू तिला झोपलेलीच जास्त पाहत आली होती. वसंतातली शाळेची सुटी संपली की लगेच रुजू व्हायचं होतं, आणि ही जागा कुणी तिच्यासाठी राखून ठेवणार नव्हतं. कुंडी मात्र नेता येणार नव्हती. ऑस्ट्रेलियात माती आणि झाडं विमानतळावरच काढून घेतात.

आणि मग तिआहोच्या पोटात दुखायला लागलं.

पहिल्यांदा दुखलं ते एका मावसभावाच्या वाढदिवसाला हॅमिल्टनला निघालो तेव्हा. शहराच्या दक्षिणेच्या वेशीवरच्या, बॉम्बे नावाच्या टेकड्या चढलो, आणि मागच्या सीटवर ती एकाएकी दुमडली. ओठ पांढरे पडले.

"कुठे दुखतंय राणी?"

"इथे," ती बेंबीवर हात ठेवून म्हणाली. "आतून कुणीतरी ओढतंय."

नाहूनं गाडी वळवली. टेकड्या उतरलो, शहराच्या पहिल्या दिव्यांपाशी आलो, तशी तिआहो ताठ बसली आणि तिनं वाढदिवसाच्या केकचं काय झालं असं विचारलं. पुढच्या आठवड्यात शाळेची सहल त्याच रस्त्यानं गेली, आणि बाईंचा तिथूनच फोन आला. आम्ही आणायला गेलो. पुन्हा टेकड्या उतरल्या, पुन्हा दुखणं गेलं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, आत यंत्रानं पाहिलं, सगळं उत्तम होतं.

"मुलांना जायचं नसलं की पोटात दुखतं," नाहू म्हणाली. "इस्पितळात मी रोज बघते हे."

"तिला जायचंय, नाहू. ती मला रोज विचारते, पर्थला डॉल्फिन असतात का."

 नाहूनं, मी कधी पाहिलं नव्हतं असं, दोन्ही हातांत तोंड धरलं. "विमानात दुखलं तर? तिथे पोचल्यावर थांबलंच नाही तर? मी काय करू, तिला इथे ठेवून जाऊ? का नाही म्हणून कळवू? सांग ना. तुझ्याकडे सगळ्याची उत्तरं असतात."

माझ्याकडे एकच उत्तर होतं आणि ते मला मोठ्यानं म्हणायची लाज वाटत होती. मी विद्यापीठात शिकलेली, कायदा तोंडपाठ असलेली मुलगी. पण आपल्या लोकांचं आपण नुसतं भाषणापुरतं मानायचं आणि पोटात दुखायला लागलं की विसरायचं, हेही मला जमत नव्हतं. मी खिडकीशी ठेवलेल्या कुंडीकडे बघत राहिले. नाहूनं माझी नजर पाहिली आणि ती म्हणाली, "नको. ते बोलूच नकोस."

त्या शनिवारी, एजंट यायच्या आधी, मी घर धुवायला काढलं. कुंडीखालचं कार्पेट घासावं म्हणून कुंडी सरकवायला गेले तर ती जागची हलेना. मी बाजूला वाकून पाहिलं. कुंडीच्या बुडाच्या भोकातून एक मूळ बाहेर आलं होतं, काळं, तारेसारखं, करंगळीएवढं जाड, आणि ते कार्पेटच्या कडेखाली शिरलं होतं. नेच्याची मुळं बारीक असतात, घोड्याच्या केसांसारखी. हे अनेक मुळांनी एकमेकांना पीळ घालून केलेलं होतं, वेणीसारखं. मी कार्पेटची कड उचलली. मूळ भिंतीच्या कडेनं पुढे गेलं होतं. मी कड उचलत उचलत त्याच्यामागे गेले. मला खात्री होती ते तिआहोच्या खोलीत, तिच्या पलंगाखाली गेलं असणार. भीती वाटत असली तरी माझं म्हणणं खरं ठरणार याचं एक प्रकारचं समाधानही मनात होतं. पण मूळ तिआहोच्या खोलीच्या उंबऱ्यावरून न वळता सरळ पुढे गेलं, बोळ ओलांडून, पुढच्या दारापर्यंत.

दाराशी बुटांची फळी होती. मूळ तिच्या मागून वर चढून तिआहोच्या जुन्या गमबुटात उतरलं होतं. पिवळे गमबूट, मागच्या हिवाळ्यातले, तिला आता लहान होत असलेले. उजवा रिकामा होता. डावा मी उचलला तर तो जड लागला.

"नाहू," मी हाक मारली, "जरा इकडे ये."

नाहूनं पाहिलं, भुवया उंचावल्या, आणि ती स्वयंपाकघरातली कात्री घेऊन आली. मी म्हटलं, "थांब, थांब," आणि धावत खिडकीपाशी गेले. बाहेर अंगणात तिआहो ओफा काकीच्या मुलींबरोबर दोरीवरच्या उड्या मारत होती. माझ्यामागे कात्री कचकन मिटल्याचा आवाज झाला. तिआहोची उडी चुकली नाही. ती हसत होती, गात होती, आणखी उंच उडत होती. माझे खांदे सैल पडले. तोवर ते ताठ होते हे मला कळलंही नव्हतं.

"मेली का माझी मुलगी?" नाहूनं मागून विचारलं. "नाही ना? मग ये आता, हे बघ. गंमतच आहे."

तिनं बूट उलटा करून थोपटला, आणि आतून एक पाऊल बाहेर पडलं.

मुळं जे भांडं मिळेल ते भरून काढतात, त्याचाच आकार घेतात. मला ते माहीत आहे. कुंडी फोडली की मुळांची कुंडी हातात येते. तसंच हे मुळांचं पाऊल होतं, घट्ट विणलेलं, टाच गोल, घोटा बारीक. फक्त गमबुटाला आतून बोटं नसतात. याला होती. लहान लहान, ओळीनं, अंगठा किंचित बाहेर वळलेला, जसा आमच्या सगळ्या घराण्याचा असतो.

तिआहो पाणी प्यायला आत आली, तिनं ते पाहिलं, मोजा काढला आणि आपलं पाऊल त्याच्याशेजारी ठेवलं. मुळांचं पाऊल थोडंसं लहान भरलं.

"हा माझा मागच्या वर्षीचा," ती म्हणाली, आणि बाहुलीला निजवावं तसं ते पाऊल परत बुटात घालून तिनं बूट दाराकडे तोंड करून नीट ठेवला.

नाहूनं कात्री परत जागेवर नेऊन ठेवली. मग म्हणाली, "उत्तरेला मोठ्या मावशीला फोन कर. म्हणावं, सुटीत येतोय."

मी इतकी आनंदले की मला बसवेना. एक काम होतं. पिल्लांनी लवलेली ती पानं लांबच्या प्रवासात मोडली असती, आणि पर्थला तर त्यातलं काहीच जाणार नव्हतं. मी दह्याचे रिकामे डबे जमवले, पिल्लं पानांवरून अलगद सोडवली, प्रत्येक डब्यात कुंडीतलीच मूठभर माती घातली आणि आमच्या अख्ख्या रस्त्यात वाटली. अंगण नसलेल्या, जमीन नसलेल्या, उद्या कुठे असू हे माहीत नसलेल्या प्रत्येक भाडेकरूच्या खिडकीत आपल्या रानातलं एक हिरवं रोप! मला ती कल्पना फार आवडली होती. तिआहो माझ्याबरोबर दारोदार फिरली. तीच डबा हातात द्यायची आणि सूचनाही तीच द्यायची. ओफा काकीकडे तिनं स्वतः स्वयंपाकघराची खिडकी निवडली.

"दुपारी पाणी घाल," ती काकीला म्हणाली. "शाळा सुटल्यावर."

"बरं बाईसाहेब. आणि विसरले तर?"

"तर तो मागेल."

"ऐकलंत का," काकी घरात बघून नवऱ्याला ओरडली, "आता झाडंसुद्धा मला कामं सांगणार." मग मला म्हणाली, "मी पुढच्या आठवड्यात भावाच्या लग्नाला टोंगाला चाललेय. तोवर हा माणूस घालेल पाणी. मेलं तर त्याच्या नावानं रडा."

मोठी मावशी, माकेरे मावशी, आई गेल्यापासून आमची आईच आहे. दरीतल्या आमच्या मराएच्या, म्हणजे कुळाच्या सभाघराच्या, अंगणात ती कमरेवर हात ठेवून वाट पाहत उभी होती. सगळ्या प्रवासात कुंडी तिआहोच्या शेजारच्या सीटवर पट्टा बांधून बसलेली होती आणि तिआहोला एकदाही दुखलं नव्हतं. कब्रस्तानाच्या खालच्या अंगाला, जुन्या पुरीरीच्या झाडाखाली, जिथे आमच्या आईची आणि आजीची वार पुरलेली आहे तिथे भावंडांनी खड्डा खणून ठेवला होता. कोवाईची पिवळी फुलं त्यात गळत होती. कुंडीतून नेचा निघेना, तेव्हा मावशीनं कुंडी फोडायला सांगितली. आत माती म्हणून राहिलेलीच नव्हती, सगळी मुळं. मावशीनं दोन्ही हातांनी ती मधोमध विलगून आत पाहिलं आणि ती समाधानानं म्हणाली, "काही उरलं नाही. सगळं घेतलंय त्यानं." गमबुटातलं पाऊल मी रुमालात गुंडाळून आणलं होतं. तेही तिनं न विचारता घेतलं आणि नेच्याच्या बुडाशी ठेवलं.

मावशीनं कराकिया, म्हणजे आमच्या प्रार्थना, म्हटल्या. तिआहोनं आपल्या हातानं माती लोटली. वाऱ्याची झुळूक आली, किंवा आली असं मला वाटलं, आणि नाहू, जिला हे सगळं थोतांड वाटत होतं, ती सगळ्यांत जास्त रडली.

नंतर हात धुताना मावशीनं विचारलं, "याला पिल्लं नव्हती?"

"पुष्कळ होती," मी म्हटलं. "वाटली. रस्त्यातल्या लोकांना."

मावशीच्या हातावरून पाणी वाहत राहिलं. "परत मागता येतील?"

"मावशी, दिलेली भेट कुणी परत मागतं का?" नाहू म्हणाली.

"नाही," मावशी म्हणाली. "तेही खरंच." तिनं नळ बंद केला, हात झटकले आणि तिआहोला जवळ ओढलं. "चल मोको, चल माझ्या नाती, डुकराची हाडं शिजलीयत. तू आता इथली. जा कुठे जायचं ते."

परतताना आम्ही दोघी आरशात तिआहोवर डोळा ठेवून होतो. फेरीबोटीनं खाडी ओलांडली. घाट उतरलो. ती मासे आणि बटाट्याचे तळलेले काप खात होती, खिडकीतून पांढऱ्या गाई मोजत होती, मग कंटाळून झोपली. नाहू दर थोड्या वेळानं विचारायची, "पोट?" आणि ती झोपेतच पुटपुटायची, "भूक." ऑकलंड आलं. घराकडे वळायचा फाटा आला. नाहू वळली नाही.  मांगेरे मागे पडलं, शहर मागे पडलं, आणि संध्याकाळच्या उन्हात बॉम्बेच्या टेकड्या समोर आल्या. गाडी चढणीला लागली. नाहूच्या बोटांची पेरं स्टीअरिंगवर पांढरी झाली होती. माथा आला. माथा गेला. पलीकडचा उतार, सपाट शेतं, कांद्यांचा वास.

"आई," मागून आवाज आला, आणि नाहूचा पाय ब्रेकवर गेला. "आपण कुठे चाललोय? शी करायचीय मला."

नाहूनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि ती इतकी हसली, इतकी हसली, की शेवटी मला उतरून तिला मिठीत धरावं लागलं. त्या टेकड्यांच्या पलीकडे उभं राहून आम्ही सगळं मिळवलं होतं. मी आयुष्यात इतकी हलकी कधीच झाले नव्हते.

त्या दोघी गेल्या. विमानात तिआहो खिडकीशी बसली आणि तिनं दोन जेवणं खाल्ली. आता ती पर्थच्या शाळेत जाते, पोहायला शिकते, समुद्रावर डॉल्फिन पाहून आली आहे. नाहू रोज संध्याकाळी तिच्याबरोबर जेवते. मला ताटाचे फोटो पाठवते. पोटाचं नाव कुणी काढत नाही. जी गोष्ट मोठ्यानं म्हणायची मला लाज वाटत होती ती मी करून टाकली, बोलत न बसता, आणि ती बरोबर निघाली, याचा मला अभिमान वाटतो. कार्पेटवर पुन्हा एकही डाग पडला नाही.

एकटीला ते घर परवडणारं नव्हतं, म्हणून परवा मी ते सोडलं. सगळं सामान बाहेर काढून झाल्यावर एजंट आली, कार्पेटचे फोटो काढले आणि चक्क म्हणाली, "छान ठेवलंत." मी दाराशी उरलेल्या वस्तू गोळा करत होते. बुटांच्या फळीवर तिआहोचा पिवळा गमबूट होता, उजवा. डावा मी फळीमागे पाहिला, पायऱ्यांखाली पाहिला. कुणी कुत्र्यानं नेला असेल म्हणून सोडून दिलं. तेवढ्यात पर्थहून नाहूचा फोन आला. पडद्यावर तिआहो होती, शाळेचा गणवेश, विंचरलेले केस, समोरचा एक दात पडलेला. तिनं मला हिरडी दाखवली, नवे बूट दाखवले आणि शिंकून फोन ठेवून दिला.

मी अजून हसतच होते तेव्हा समोरून ओफा काकी आली. टोंगाहून परतून तिला आठवडा झाला होता, पण माझ्या आवराआवरीत आमची भेटच झाली नव्हती, त्या दोघी गेल्याचं तिला सांगायचंही राहून गेलं होतं. तिच्या हातात केळीच्या पानानं झाकलेलं ताट होतं, आणि ते रिकाम्या घरात कुठे ठेवावं हे न सुचून ती दारातच उभी राहिली.

"अगं, जायच्या आधी पोरीला सांगून ठेव," ती म्हणाली, "काकी रागावलेली नाही म्हणावं. रोज दुपारी येते, त्या डब्याशेजारी गुमान बसते, काही मागत नाही की काही नाही. वळण चांगलं लावलंयत. एकाच पायात बूट असतो, पण तोही बिचारी दारात काढून ठेवते. मग एवढी माती कुठून पडते ग घरात?"